चौथं बटण

आशीर्वाद झाला, शेवटचं गीत झालं, तरी त्या रविवारी पाळकसाहेबांनी आम्हाला सोडलं नाही. "मंडळींनी जरा बसून राहावं," ते म्हणाले, "आणि मागचं दार तेवढं लोटून घ्या." कोणीतरी दार लोटलं. माझे सासरे निघायच्या तयारीत काठी हातात घेऊन बसले होते. त्यांनी ती पुन्हा बाकाला टेकवली.

पाळकसाहेबांनी पहिल्या बाकावरच्या गृहस्थांना पुढे बोलावलं. चर्चमध्ये त्यांना सगळे भाऊच म्हणतात. ते आमच्या मंडळीतले वडील, म्हणजे कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक. धंदा कामगार पुरवण्याचा. महाळुंग्याच्या आणि चाकणच्या कंपन्यांमध्ये त्यांची माणसं कामाला असतात. पाळकसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, की महापालिकेच्या निवडणुकीत आपल्या प्रभागातून भाऊंना तिकीट मिळालं आहे, आपल्यातला माणूस पहिल्यांदाच उभा राहतो आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे उपासनेच्या जागी टाळ्या वाजवायची पद्धत नाही, त्यामुळे त्या आधी चोरट्या वाजल्या आणि मग एकदम मोठ्या झाल्या.

"जे भाऊंच्या पाठीशी आहेत," पाळकसाहेब म्हणाले, "त्यांनी प्रार्थनेसाठी उभं राहावं."

सगळे उभे राहिले. माझा नवरा मंडळीचा सेक्रेटरी, तो तर पुढेच उभा होता. आता उभं राहायचं म्हणजे प्रार्थना करायची की मत द्यायचं, हे मला कळेना. प्रार्थनेला बसून कसं राहायचं? आणि उठलं की झालंच. माझ्या पुढची रांग उठली, मागची उठली, बाकं कुरकुरली आणि मीही उठले. सासरे मात्र बसून राहिले. शेजारच्या बाईंनी वाकून बघितलं तेव्हा त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दुखतोय." सगळी गीतं त्यांनी त्याच गुडघ्यांवर उभं राहून म्हटली होती.

भाऊंबद्दल काही बोलायचं तर आधी त्यांचे उपकार सांगायला हवेत. माझी आई गेली तेव्हा दफनभूमीत जागा नव्हती. आहे त्याच कबरी उकरून त्यांच्यावर नव्या करायची वेळ आली आहे आणि भिंत एका बाजूने पडलेली आहे. राखणदार नाही म्हणत होता. भाऊ आले, त्याच्याशी बोलले, आपली माणसं लावून खड्डा खणून घेतला आणि पेटीला खांदाही दिला. त्या दिवशी मला स्वतःचा भाऊ असता तर त्याने याहून काय केलं असतं, असं वाटलं होतं.

आणि दुसरं म्हणजे ताथवडे. तिथल्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये आमच्या मंडळीतलं एक कुटुंब राहतं. त्यांच्या मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला म्हणून आम्ही आठदहा जण घरगुती प्रार्थनेला जमलो होतो. गीत चालू असताना दारावर थापा पडल्या. दार उघडलं तर पोरांचा घोळका. हातात मोबाइल, रेकॉर्डिंग चालू. "काय चाललंय इथं? कोणाकोणाला बाटवताय?" एकाने मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाला, "नाव सांगा. आडनाव सांगा. पहिल्यापासून हेच का?" माझे आजोबासुद्धा ख्रिस्तीच होते, नगर जिल्ह्यातल्या खेड्यात शाळा चालवत होते, हे त्या मोबाइलला कसं सांगायचं?  जिना त्यांनी अडवलेला, खाली जायचा रस्ता नाही, आणि आत त्या घरची मुलगी हारमोनियमच्या मागे बसून रडत होती.

कोणीतरी भाऊंना फोन केला. ते एकटे आले. त्यांची भाषा इथल्या गाववाल्यांसारखीच आहे. "आरं, ही आपलीच माणसं हायेत," ते पोरांना म्हणाले, "पोरीच्या कालेजाचे पेढे वाटत्यात. तुमी बी खा." त्यांनी खरोखरच एकाच्या हातावर पेढा ठेवला. मग त्यांना घेऊन खाली गेले, नंतर पोलीस चौकीत जाऊन बसले आणि आम्ही सगळे घरी पोचल्याचे फोन आल्यावरच तिथून उठले. असा माणूस.

आता मी कंपनीतलं सांगते. महाळुंग्याला एका कंपनीत प्रथमोपचाराची खोली आहे, तिथे मी सिस्टर आहे. गाडीचे भाग बनतात तिथे. डोळ्यात कण जाणं, चक्कर, भाजणं, असलं माझ्याकडे येतं. निवडणुकीच्या आधीच्या उन्हाळ्यात एका दुपारी पत्रा दाबायच्या प्रेसवरच्या एका बाईला धरून आणलं. जालन्याकडची, भाऊंच्या कामगारांपैकी. उजव्या हाताची दोन बोटं चेंगरली होती. मी रक्त थांबवलं, पट्टी बांधली आणि तिला ताबडतोब कामगार विम्याच्या हॉस्पिटलात हलवायला सांगितलं. सुपरवायझर फोनवर फोन करत राहिला. तेवढ्यात भाऊ स्वतः गाडी घेऊन आले. "सिस्टर, मी नेतो," म्हणाले. चर्चमध्ये ते मला वहिनी म्हणतात, कंपनीत सिस्टर. बाईला त्यांनी हाताला धरून गाडीत बसवलं.

नंतर कळलं, की विम्याच्या हॉस्पिटलात ती गेलीच नव्हती, कारण तिचा विमा भरलेलाच नव्हता. चाकणच्या एका छोट्या खासगी दवाखान्यात बोटं काढली आणि थोड्या दिवसांनी तिला गावी पोचवलं. तिच्याबरोबरच्या बायकांनी मला सांगितलं, "घरी कडबा कापायच्या कुट्टी मशीनमध्ये हात गेला, असं सांगायला लावलंय तिला." मी सेफ्टी ऑफिसरकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ती ठेकेदाराची बाब आहे सिस्टर. आपल्या पेरोलवर नाही ती." त्यांच्या साहेबांकडे गेले, त्यांनीही तेच सांगितलं. त्या खोलीतून पुढे जायला मला दुसरं दार नव्हतं.

म्हणून त्या रविवारी उभी राहिले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पेढाही होता आणि ती पट्टीही.

दोन दिवसांनी पाळकसाहेब घरी आले. पिंपळे सौदागरला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. त्यांनी स्कूटर खाली लावली, हेल्मेट हातात धरूनच वर आले. आमच्या पद्धतीप्रमाणे सलाम झाला, चहा झाला. मग म्हणाले, "सिस्टर, महिला मंडळाबरोबर तुम्ही घरोघरी फिरा. तुम्हाला सगळे ओळखतात, तुमचं ऐकतात."

मी म्हटलं, "पाळकसाहेब, एक विचारू? विश्वासाला धरून मत द्यावं, असं तुम्ही सांगता ना?"

"अर्थात. आपण रविवारपुरते ख्रिस्ती आहोत का?"

"मग माणूस कसा वागतो, ते बघायचं की नाही?" असं म्हणून मी त्या बाईची हकिगत सांगितली. नवरा समोर बसला होता, तो बशीकडे बघत राहिला. पाळकसाहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"तुम्ही सांगता ते खरं असणार," ते म्हणाले. "मी भाऊंशी बोलेन. निवडणूक झाली की बोलेन."

"आत्ता का नाही?"

"आत्ता बोललो तर ती गोष्ट बाहेर जाईल आणि आपलीच माणसं फुटतील." त्यांनी हेल्मेट मांडीवर फिरवलं. "दफनभूमीच्या भिंतीसाठी मी महापालिकेत किती वर्षं खेटे घालतोय, तुम्हाला माहीत आहे. शिपाईसुद्धा बसा म्हणत नाही. ताथवड्याच्या प्रकारानंतर चौकीत बोलावून मलाच विचारलं, की तुमच्याकडे कोण कोण येतं. आपला एक माणूस आत असला तर निदान एक फोन तरी करता येईल. आणि भाऊंना नको, तर कोणाला द्यायचं तेवढं सांगा. दारावर थापा मारणाऱ्यांच्या पक्षाला?"

 पाळकसाहेब काही लबाड माणूस नाहीत. भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात, त्याच स्कूटरवरून आजाऱ्यांकडे जातात. त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. ते घाबरलेले आहेत, हे मला त्या दिवशी दिसलं. घाबरलेल्या माणसाशी वाद कसा घालायचा?

ते गेल्यावर नवरा म्हणाला, "मत तुझं तू काय द्यायचं ते दे. कोण बघायला येतंय? पण बायकांबरोबर जा, चहा पी आणि ये."

"आणि त्यांनी विचारलं तर खोटं सांगू?"

"गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे."

"तुला पटतं का हे?"

"मला मंडळीत राहायचंय," तो म्हणाला. "माझे आईबाप याच मंडळीत होते. माझं लग्न इथे लागलं. तू एकटी शहाणी होऊन बसशील, पण मी जाऊ कुठे?"

मी एका संध्याकाळी गेले. पाळकीणबाई, महिला मंडळातल्या तिघी आणि मी. एका सोसायटीतून दुसरीत, लिफ्ट, बेल, सलाम, पाणी. तिसऱ्या घरात एका वयस्क बाईंनी माझा हात धरला. "सिस्टर, तुम्ही तर भाऊंच्या कामावरच असता. कसे आहेत हो ते, खरं सांगा." पाळकीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. सगळ्याच बघत होत्या. मी म्हटलं, "त्यांच्याकडे खूप माणसं कामाला आहेत." सगळ्या हसल्या, जणू मी मोठी स्तुती केली होती. बाहेर आल्यावर पाळकीणबाई म्हणाल्या, "छान बोललीस."  दुसऱ्या दिवशी मी डोकं दुखतंय म्हणून गेले नाही, तिसऱ्या दिवशी काही कारण न सांगताच गेले नाही.

त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये शेजारीण भेटली. ती चांगली आहे, माझ्या सासऱ्यांना संक्रांतीला तिळगूळ आणून देते. या वेळी तिच्या हातात समोरच्या पक्षाच्या चार उमेदवारांच्या पॅनेलची पत्रकं होती आणि बरोबर उपरणं घातलेला एक पोरगा. "ताई, आमच्या पॅनेलला द्या हं चारही मतं," ती म्हणाली आणि मग हसून, "अर्थात तुमचं काय, तुमचं चर्चमधूनच ठरून येतं, नाही का?"

"आमचं आम्ही ठरवतो," मी म्हटलं. मग त्या पोराकडे माझं लक्ष गेलं. ताथवड्याला माझ्या तोंडासमोर मोबाइल धरणारा तोच होता. त्याने मला ओळखलं नाही. "नमस्कार काकू," तो म्हणाला, "कितवा मजला?" आणि माझ्यासाठी बटण दाबलं. लिफ्ट वर जाईपर्यंत मी दाराच्या फटीकडे बघत उभी होते. तो इतका सभ्यपणे वागत होता, की मला रागसुद्धा धड येईना. त्याच्या शेजारी उभं राहून मला एकच वाटत होतं, की पाळकसाहेब म्हणतात तेच बरोबर आहे, डोळे मिटावेत आणि भाऊंना मत देऊन मोकळं व्हावं. घरात गेले, पाणी प्यायले, आणि पुन्हा ती बाई आठवली.

मग एक दिवस दुपारी भाऊच माझ्या खोलीत आले. प्रचाराची धावपळ, शिवाय कामगारांचं बघायला कंपनीत यावंच लागतं. "सिस्टर, डोकं गरगरतंय. बीपी बघा जरा." मी पट्टा बांधला, मोजलं. फार वाढलेलं होतं. पट्टा सोडताना मी विचारलं, "भाऊ, त्या जालन्याच्या बाईचं पुढे काय झालं?"

ते उठून दारापर्यंत गेले. मग बाहेर कोणी नाही असं बघून म्हणाले, "वहिनी, मी तिला रस्त्यावर टाकली नाही. दवाखान्यात नेली. घरी पोचवली."

"कुट्टीत बोटं गेली, असं सांगायला लावलंत."

"लावलं." त्यांनी एका शब्दात कबूल केलं. "विमा भरला नव्हता. आत्ता भरतो सगळ्यांचा, पण तेव्हा नव्हता. बोभाटा झाला असता तर कंपनीने माझं काम काढून दुसऱ्याला दिलं असतं. बाकीच्यांच्या चुली विझल्या असत्या आणि तो दुसरा काय साधू असणार होता?"

"तिला शोधा, भाऊ. काय घडलं ते खरं सांगा, तिला जे मिळायला पाहिजे ते मिळवून द्या. मी तुमच्यासाठी घरोघरी जाईन. उन्हातान्हात जाईन."

"निवडणूक झाली की बघतो."

"पाळकसाहेबही हेच म्हणाले."

त्यांनी शर्टाची बाही खाली केली, पण बटण लावलं नाही. "म्हणजे मत देणार नाही तुम्ही मला."

"ताथवड्याला तुम्ही आलात, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण नाही, भाऊ. नाही देता येणार."

"मग त्यांना देणार?"

"नाही."

"मग कोणाला?"

"माहीत नाही."

ते हसले, पण त्यात खवचटपणा नव्हता. "वहिनी, रागावू नका. पण मग तुमचा विश्वास तुम्हाला घेऊन चाललाय कुठे?"

मी त्यांना मीठ कमी करायला सांगितलं आणि आजच डॉक्टरांना दाखवा म्हटलं. दारात थांबून ते म्हणाले, "प्रार्थनेत आठवण ठेवा." मी म्हटलं, "ठेवते." आणि ते खरं होतं. त्या दिवसांत मी त्यांच्यासाठी जितकी प्रार्थना केली, तितकी बाहेरगावी शिकणाऱ्या माझ्या मुलांसाठीही केली नसेल.

कंपनीतल्या तिच्याबरोबरच्या बायकांपैकी एकीकडून मी जालन्याच्या बाईचा नंबर मिळवला. कामावरून परतताना कंपनीची बस चाकणच्या रस्त्यावर नेहमीसारखी अडकली. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर. सीटवर बसूनच मी फोन लावला. तिने लगेच उचलला.

"सिस्टर का? पट्टी बांधनाऱ्या?" तिला माझी आठवण होती. हात बरा आहे, म्हणाली. भाकरी डाव्या हाताने थापायला शिकली होती. मी तिला सांगितलं, की तो ठेकेदार निवडणुकीला उभा आहे, आणि तिचं जे झालं ते मी वरपर्यंत सांगायला तयार आहे, फक्त तिने साथ द्यावी.

तिकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बाई, माहा मालक अजून त्यांच्याच मानसांत कामाला हाय. चाकनलाच. तुमी मत द्या नाहीतर नका देऊ, पन माह्या हाताचं नाव मदी घेऊ नका."

"पण तुमच्यावर अन्याय झालाय."

"झाला ना. मला ठाऊक हाय की. पन तुमच्या निवडनुकीनं बोटं येनार हायेत का परत?" मग जरा मऊ आवाजात, "तुमी चांगल्या हायेत. पन पुन्यांदा फोन नका करू."

बस हलली, पुन्हा थांबली. मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं, तरी खिडकीची काच सरकवावी असं वाटत होतं आणि ती सरकत नव्हती. मी तिच्यासाठी भांडते आहे असं मला वाटत होतं. आता तो आधारही उरला नाही. भाऊंना दिलेला नकार फक्त माझा होता.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी मी सासऱ्यांना जेवायला वाढलं आणि सगळं सांगून टाकलं. ते पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे नेवाशाकडचे. बोलणं अजून तिकडचंच. जेवता जेवता त्यांनी ऐकलं.

"गावात व्हतो तवा पाटील सांगायचा," ते म्हणाले. "कारखान्यात आलो तर युनियन सांगायची. आता पाळक सांगतोय. सांगनारं कुनीतरी असतंच, सूनबाई."

"म्हणजे श्रद्धेचं मतात काही काम नाही?"

"आसं कुठं म्हनलो मी? श्रद्धा काय चप्पल हाय, मतदानाच्या शाळंच्या भाईर काढून ठिवायला? ती संगं आत जातीच. पर पाळकाला आत घिऊन जायचं न्हाई."

मला बरं वाटलं. मी विचारलं, "मग तुम्ही कोणाला देणार?"

"भाऊला."

मी बघतच राहिले. "सगळं ऐकल्यावरही?"

"ऐकलं. वाईट केलं त्यानं. पर ताथवड्याला तो आला. मी म्हातारा मानूस हाय, मला भ्या वाटतं. उद्या हितं थापा पडल्या तर कोन येईल? तुला न्हाई भ्या वाटत?"

"वाटतं."

"मग?"

"मग त्या दिवशी उभे का नाही राहिलात?"

"मला कुनी उभं केल्यालं आवडत न्हाई," ते म्हणाले आणि ताक मागितलं.

मतदानाच्या दिवशी मंडळीने चर्चच्या आवारात जमायचं ठरवलं होतं. प्रार्थना झाली, चहा झाला आणि टेम्पो ट्रॅव्हलरमधून आम्ही शाळेत गेलो. मला वेगळं जाता आलं असतं, पण सासऱ्यांना एकटं कसं सोडायचं? आमच्या प्रभागात चार नगरसेवक, म्हणून प्रत्येकाने चार मतं द्यायची. मशीनवर चार जागांच्या चार रंगांच्या पट्ट्या, चौथी फिकट निळी. भाऊंचं नाव निळ्या पट्टीवर होतं.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी गेले. पहिली तीन मतं सहज दिली. एक आमच्या पाण्यासाठी भांडलेल्या बाईंना, दोन ज्यांच्याबद्दल वाईट काही ऐकलं नव्हतं त्यांना. निळ्या पट्टीवर बोट थांबलं. भाऊंचं नाव वरून दुसरं, समोरच्याचं चौथं. वर आणि मध्ये दोन अपक्ष, ज्यांना मी ओळखतही नव्हते. सगळ्यांत शेवटी "वरीलपैकी एकही नाही". मी मनात प्रार्थना करून बघितली. उत्तर आलं नाही. आईची कबर आठवली, जिन्यातली पोरं आठवली, डाव्या हाताने थापलेली भाकरी आठवली, आणि हे सगळं एका बटणात कसं मावणार, ते कळेना. पुढे जायला वाट नव्हती, मागे फिरायलाही नव्हती.

"ताई," पलीकडून अधिकारी म्हणाले, "अजून एक मत बाकी आहे. चौथं बटण दाबल्याशिवाय मशीन आवाज देत नाही." रांगेतलं कोणीतरी खाकरलं. "ताई, झालं का?"

मी शेवटचं बटण दाबलं. एकही नाही. मशीन वाजलं. मला वाटलं होतं छातीवरचं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. भाऊंना नाही म्हटलं, त्या पोरांना नाही म्हटलं, पण कोणाला हो म्हटलं, ते मलाच सांगता येत नव्हतं.

फाटकाशी पाळकीणबाई उभ्या होत्या. शाई लावलेलं बोट वर करून म्हणाल्या, "झालं?"

"झालं."

"दिलंस ना भाऊंना?"

हो म्हटलं असतं तर कोणाला कळणार होतं? पण त्या तिसऱ्या घरातल्या हसण्यानंतर मला आणखी एकदा तसं करवेना. मी म्हटलं, "नाही. नोटा दाबलं."

त्यांना आधी समजलंच नाही. मग त्यांचा चेहरा उतरला. रागावल्या नाहीत, हेच जास्त लागलं. "अगं," त्या हळू म्हणाल्या, "म्हणजे त्यांनाच दिल्यासारखं झालं ना ते."

कदाचित त्यांचं बरोबर असेल. माझ्याकडे आजही त्यावर पक्कं उत्तर नाही.

भाऊ पडले. थोडक्यात पडले, असं सगळे म्हणाले. माझ्या एका मताने ते निवडून येणार नव्हते. पण मंडळीत बोललं जाऊ लागलं, की आपलीच माणसं फुटली, आणि ती माणसं म्हणजे कोण, ते पाळकीणबाईंना सांगावंही लागलं नसेल. महिला मंडळाच्या चहाची पाळी माझ्यापर्यंत यायची बंद झाली. पाळकसाहेब नवऱ्याला म्हणाले, "तुम्ही फार वर्षं राबलात, आता थोडी विश्रांती घ्या." त्याने सेक्रेटरीपणाच्या किल्ल्या देऊन टाकल्या. घरी येऊन तो मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. पुढे एकदा गाडी चालवताना म्हणाला, "दुसऱ्या कुठल्या चर्चला जाऊन बघायचं का?" मी नको म्हटलं. माझी आई इथे पुरलेली आहे, हे मी त्याला सांगितलं नाही, त्याला माहीतच होतं. त्याने सिग्नलला गाडी थांबवली. मग म्हणाला, "मलाही नको."

निकालानंतरच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकाच भाकरीतून खाण्याचा विधी. आमच्याकडे लोक जागेवर बसतात आणि मंडळीतले वडील भाकरीचं ताट घेऊन रांगारांगांतून फिरतात. आमच्या बाजूला भाऊ आले. ते वाळले होते. निवडणुकीने माणूस असा दिसायला लागतो, हे मी पहिल्यांदाच बघितलं. ते माझ्यापुढे थांबले.  क्षणभर मला वाटलं, ते पुढे जातील. त्यांनाही वाटलं असेल, मी हात पुढे करणार नाही. मी तुकडा उचलला. त्यांनी मान लववली आणि ताट सासऱ्यांपुढे नेलं.

आम्ही अजून तिथेच जातो. नेहमीच्याच, कडेच्या बाकावर बसतो. माझ्या शेजारची जागा बहुधा रिकामी असते.